घर बांधण्याआधीची मोजणी: सातबारापासून जोत्यापर्यंत

घराचा नकाशा काढून घ्यायला लोक येतात तेव्हा त्यांच्याकडे बहुधा दोन गोष्टी असतात: सातबाराची प्रत आणि मोबाइलमध्ये आवडलेल्या एखाद्या बंगल्याचा फोटो. मोजणीचे विचारले की उत्तर ठरलेले असते. "जागा आपलीच आहे की, चारी बाजूंनी तार आहे."

त्या तारेवर मीही एकदा विश्वास ठेवला होता. सिव्हिलचे काम सुरू करून दोनेक वर्षे झाली होती. तारेपासून अंतर सोडून आम्ही आखणी केली, कॉलम स्लॅबपर्यंत नेले आणि मग शेजारच्यांनी सरकारी मोजणी आणली. हद्दीची खूण तारेच्या दोन फूट आत, आमच्या बाजूला पडली. शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर होते. तार त्यांच्याच वडिलांनी गुरे येऊ नयेत म्हणून सोयीची जागा बघून ओढली होती. पोर्चचे दोन कॉलम तोडावे लागले आणि मंजूर नकाशा पुन्हा नव्याने दाखल करावा लागला. घरमालक शाळेतले शिपाई, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घर बांधत होते. तेव्हापासून मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा सरकारी नकाशा, हातात आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही.

महाराष्ट्रात स्वतःच्या जागेवर घर बांधायचे असेल तर कागदापासून पायाच्या खड्ड्यापर्यंत हद्द कशी न्यायची, ते पुढे सांगतो.

तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा तुमचा

बांधकाम परवानगीसाठीच्या नकाशावर क्षेत्रफळाचा एक तक्ता असतो. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, त्याचा नमुना दिलेला आहे. त्याच्या पहिल्याच ओळीत भूखंडाचे क्षेत्र तीन प्रकारे लिहायचे असते: मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणी नकाशाप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेवर. तिन्हींत जे सर्वांत कमी असेल तेच पुढच्या हिशोबाला धरतात. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, त्यावर, बांधकामाचे क्षेत्रही त्यावरच.

सातबारावर 3 आर लिहिले आहे म्हणून तुम्ही 300 चौरस मीटर धरून बसलात, मोजणीत 290 आले आणि जागेवर एका कोपऱ्यात ओढ्याने जमीन खाल्ल्यामुळे 281 भरले, तर परवानगी 281 वर मिळते. हे नकाशा काढण्याआधी कळले तर एखादी खोली लहान करून भागते. नकाशा, आरसीसी डिझाइन आणि बँकेचे कर्ज झाल्यावर कळले तर सगळे पुन्हा करावे लागते.

एककांचा घोळ इथेच मिटवून घ्या. विकणारा गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, इंजिनिअर चौरस मीटर लिहितो आणि गवंडी फुटात मोजतो. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, सुमारे 1076 चौरस फूट. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. हा आकडा कुठून आला? जुन्या मोजणीत वापरायची शंकू साखळी 33 फुटांची होती, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे 33 गुणिले 33, तो एक गुंठा. तेव्हा 3 गुंठे आणि 3 आर यांत साधारण 38 चौरस फुटांचा फरक पडतो. फार नाही, पण व्यवहार गुंठ्याने ठरला आणि खरेदीखत आरमध्ये झाले, तर एवढी जागा कुठे गेली असा वाद मी ऐकलेला आहे.

आधी कागद, मग टेप

सातबारा, 8-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), ज्या फेरफाराने जमीन तुमच्या नावावर आली तो फेरफार, खरेदीखत आणि गट नकाशा एवढे काढा. गावठाणात किंवा शहरात घर असेल तर सातबाराऐवजी मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा लागतो. बिनशेती लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर रेखांकनाची शिक्का असलेली प्रत घ्या. एजंटने दिलेले रंगीत माहितीपत्रक चालत नाही. गावठाणातल्या अनेक घरांना पूर्वी नकाशाच नव्हता. 2020 मध्ये देशभर सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत आणि त्याची आधीची चाचणी आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाली होती. तुमच्या गावाचे काम झाले असेल तर मिळकत पत्रिका आधी बघा. चूक असेल तर बांधकामापूर्वीच हरकत घ्या.

खरेदीखतातली चतुःसीमा नीट वाचा. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमुक गट, दक्षिणेला ओढा, असे लिहिलेले असते. ती गट नकाशाशी जुळते का ते पाहा. एकत्रीकरण झालेल्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुन्या कागदातला नंबर आणि आजचा गट एकच आहे याची खात्री तलाठी कार्यालयात करून घ्या.

मग टेप घेऊन जागेवर जा. दोन माणसे आणि 30 मीटरचा टेप, एवढेच लागते. चारी बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण मोजले नाहीत तर जागा चौकोनी आहे की तिरकी, हे चार बाजूंवरून कळत नाही. 15 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद जागा खरेच काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण 25 मीटर भरायला हवेत. एक 26.1 आणि दुसरा 23.8 आला तर प्लॉट तिरका आहे, मग बाजू कितीही जुळल्या तरी क्षेत्र कमी भरणार.

एक सावधगिरी. ऑनलाइन भूनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवून "आपली हद्द त्या झाडापर्यंत आहे" असे सांगणारे खूप भेटतात. आपले अनेक गावनकाशे 1 इंचाला 660 फूट या प्रमाणात काढलेले आहेत. त्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर जवळजवळ 4 मीटर. गट शोधायला तो नकाशा उत्तम, कॉलमची जागा ठरवायला निरुपयोगी. हद्द ठरते ती टिपण, फाळणी, गटबुक अशा मूळ अभिलेखांवरून. त्यांत मापे आकड्यांत लिहिलेली असतात. ते अभिलेख भूमी अभिलेख कार्यालयात असतात आणि शासकीय भूकरमापक तेच घेऊन जागेवर येतो. खासगी सर्व्हेअर कितीही हुशार असला तरी त्याने दाखवलेली हद्द सरकारदरबारी हद्द ठरत नाही.

कोणती मोजणी मागायची

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

तुमच्या नावावर स्वतंत्र गट, पोटहिस्सा (गटाचा वेगळा नोंदलेला भाग) किंवा स्वतंत्र प्लॉट असेल तर 'हद्द कायम' मोजणी मागा. अभिलेखात जी हद्द आहे ती जमिनीवर दाखवून देणे, एवढाच तिचा अर्थ.

पण समजा सातबारावर तिघा भावांची नावे आहेत, क्षेत्र सामाईक आहे आणि तोंडी वाटणीने रस्त्याकडचा तुकडा तुम्ही वहिवाटता. अशा वेळी हद्द कायम मोजणी मागितली तर भूकरमापक संपूर्ण गटाची बाहेरची हद्द दाखवील. तुमच्या तुकड्याची हद्द त्याच्या अभिलेखात नाहीच, तो ती दाखवणार कशी? तुम्ही पैसे भरता, दोन-तीन महिने थांबता आणि हातात जो नकाशा येतो त्याचा परवानगीला उपयोग नसतो. या स्थितीत आधी वाटप कायद्याने करून घ्या, पोटहिस्सा मोजणी करा आणि स्वतंत्र सातबारा होऊ द्या. सगळ्या सहधारकांची संमती हवी. भावांशी चांगले असेल तेव्हाच हे काम उरकावे, कारण घर उभे राहू लागले की मने बदलतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

शेतजमिनीतून दोन-चार गुंठे विकत घेऊन घर बांधायचा विचार असेल तर तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आडवा येऊ शकतो. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरले. अलीकडे निवासी वापराच्या भागांत यात सवलती आल्या आहेत, पण तुमचा तुकडा त्यांत बसतो की नाही हे इसार देण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या. बेकायदा तुकड्याची मोजणी करून तो कायदेशीर होत नाही.

अर्ज ई-मोजणी प्रणालीतून होतो. डिसेंबर 2024 पासून साधी, तातडीची, अति तातडीची हे जुने प्रकार जाऊन 'नियमित' आणि 'द्रुतगती' असे दोनच राहिले. वैयक्तिक धारकाला ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2000 रुपये आणि द्रुतगतीला 8000 रुपये असे दर तेव्हा ठरले. पालिका हद्दीत ते अधिक आहेत. भरायची रक्कम चलनावर दिसेल तीच खरी. त्याव्यतिरिक्त कुणी हातात मागितले तर देऊ नका. अर्जात लगतच्या खातेदारांची नावे आणि पत्ते बिनचूक लिहा. नोटीस पोचली नाही तर मोजणी पुढे ढकलली जाते, किंवा पुढे कुणीतरी "मला कळवलेच नाही" म्हणून हरकत घेतो.

तारीख उन्हाळ्यात मिळाली तर उत्तम. उभ्या उसात बांधच सापडत नाही, आणि पावसाळ्यात कोकणात रान इतके वाढते की गेल्या मोजणीचा दगडही दिसत नाही.

मोजणीच्या दिवशी

नोटीस जाते ती कायद्यासाठी. शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः आदल्या दिवशी जाऊन सांगा. "काका, उद्या मोजणी आहे, तुम्हीही या, तुमच्या समोरच होऊ दे." एवढ्याने निम्मे वाद मिटतात. शेजाऱ्याला मोजणी म्हणजे चाल करून येणे वाटते. त्याला बोलावले की ते दोघांचे काम होते.

सोबत दोन माणसे, कोयता, कुदळ, चुन्याची पिशवी, खुंट्या आणि हद्दीसाठी दगड तयार ठेवा. बांधावरची झुडपे आधीच तोडा. आता मोजणी बहुतेक ठिकाणी रोव्हरने होते. तो उपग्रहांकडून आणि राज्यभर उभारलेल्या कॉर्स केंद्रांकडून (कायम एका जागी असलेल्या संदर्भ केंद्रांकडून) संकेत घेऊन काही सेंटिमीटरच्या अचूकतेने बिंदू पकडतो. दाट आंब्याखाली किंवा उंच भिंतीला लागून मात्र संकेत अडखळतो, तेव्हा आकाश मोकळे हवे.

रोव्हर अचूक आहे म्हणून हद्द आपोआप अचूक होत नाही. भूकरमापक आधी आसपासच्या पक्क्या खुणा शोधतो: गावाच्या शिवेचा दगड, तीन गटांचा मिळणारा कोपरा, जुनी विहीर, रस्त्याची कड. त्यांवर जुना अभिलेख बसवून मग तुमची हद्द काढतो. गावातल्या जुन्या माणसांना जुने दगड ठाऊक असतात, त्यांना आवर्जून बोलवा. तुमच्या हद्दीवर लगेच चुना मारायची घाई करू नका, कोणत्या खुणा धरल्या ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. पुढे वाद झाला तर सारा वाद त्या खुणांवरच येतो.

खूण मिळाली की त्याच दिवशी दगड पुरा. दोन फूट लांब दगड, दीड फूट जमिनीत, भोवती काँक्रीट. नुसती खुंटी ठेवली तर पहिल्या नांगरटीत जाते. दगड पुरल्यावर प्रत्येकाचे दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, मागे घर किंवा विजेचा खांब दिसेल असा. प्रत्येक दगडापासून जवळच्या दोन पक्क्या वस्तूंचे अंतर मोजून ठेवा. उद्या दगड उखडला तरी त्या दोन अंतरांवरून जागा पुन्हा सापडते. हद्दीच्या खुणा सांभाळणे ही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार धारकाची जबाबदारी आहे आणि त्या मुद्दाम हलवणे दंडाला पात्र आहे. शेजाऱ्यालाही हे समजावून सांगावे.

जबाबावर आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी वाचा. हद्द पटली नसेल तर सही नाकारून भांडू नका, तुमचे म्हणणे त्यात लिहून द्या. पटलीच नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे आधीच्या मोजणीची फेरतपासणी, मागता येते, तिच्यावरही समाधान न झाल्यास सुपर निमताना. रात्रीतून तार सरकवणे हा मार्ग नाही.

'क' प्रत वाचताना

'क' प्रत आली की आधी गट नंबर, मोजणीचा रजिस्टर नंबर, तारीख आणि उत्तर दिशा पाहा. मग खालची सूची वाचा. अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. दोन्ही एकमेकींवर असतील तर निश्चिंत राहा. वेगळ्या असतील तर मधली पट्टी कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. तुमची जमीन शेजाऱ्याच्या ताब्यात असेल तर घराचा नकाशा ताब्यातल्या जागेतच बसवा आणि त्या पट्टीचा निवाडा स्वतंत्रपणे करा. दाव्याच्या जागेवर कॉलम उभा करू नका, मनाई हुकूम आला तर सळया गंजत उभ्या राहतात. नव्या प्रणालीतल्या नकाशावर अक्षांश-रेखांशही येतात, ते जपून ठेवा.

चढ-उताराचा सर्व्हे

सरकारी मोजणी जागेची कड सांगते, जमीन कशी आहे ते सांगत नाही. त्यासाठी खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने) पातळ्या घ्या. सपाट छोट्या प्लॉटला दहा-बारा बिंदू पुरतात. साताऱ्याच्या पश्चिमेला किंवा कोकणात उताराची जागा असेल तर मात्र समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा, पूर्ण नकाशाच हवा. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर नियमावली बांधकाम करू देत नाही, आणि त्याआधीच माती धरून ठेवणाऱ्या भिंतीचा खर्च घराच्या खर्चाला भिडतो.

त्या नकाशावर रस्त्याची पातळी, गटाराचा तळ, विहीर, झाडांची खोडे, वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि शेजारच्या घराची भिंत दाखवून घ्या. पुढे सेप्टिक टँक कुठे येईल हे गटाराच्या तळावर ठरते. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा उंच होतो, म्हणून जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. नदीकाठचे असाल तर पाटबंधारे खात्याने आखलेली निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2019 च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे सांगावे लागत नाही.

परवानगीचा अर्ज

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण अर्ज तुमचा आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर ऑनलाइन भरतो. झोन दाखला (जागा निवासी की शेती विभागात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या भागाचा उतारा) आधी काढा. नियोजित रस्ता तुमच्या प्लॉटमधून जात असेल तर तो मोजणी नकाशावर बसवून उरलेली जागा किती ते बघा. 300 चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांना नियमावलीत सोपी, जलद पद्धत आहे, पण तिथे आर्किटेक्ट स्वतःच्या सहीने जबाबदारी घेतो, म्हणून हद्दीचा कागद त्यालाही तितकाच हवा असतो. गावठाणाबाहेर बांधत असाल तर ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीवर थांबू नका, सक्षम प्राधिकरण कोणते ते तहसील किंवा नगररचना कार्यालयात विचारा.

हद्द खड्ड्यापर्यंत नेणे

परवानगी मिळाली की लोकांना वाटते मोजणीचे काम संपले, आणि आखणीच्या दिवशी गवंडी पुन्हा तारेपासूनच माप घेतो. आखणी दगडापासून करा. दोन दगडांत सुतळी ताणा, तीच मूळ रेषा. तिच्यापासून सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि घर यांत मोकळी ठेवायची जागा, सोडून घराची पहिली रेषा घ्या. प्लॉट 18.30 मीटर रुंद समजून दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडले तर घराला 15.30 उरतात, दगडांमधले अंतर 17.70 निघाले तर 14.70. हे 60 सेंटिमीटर बहुतेक वेळा जिन्यातून जातात. म्हणून दोन दगडांमधले अंतर आणि नकाशावरचे अंतर त्या दिवशी पुन्हा ताडून बघा.

काटकोन गुनियाने काढू नका, तो लहान असतो. 3-4-5 चे प्रमाण मोठे करून घ्या: एका बाजूला 12 फूट, दुसऱ्या बाजूला 16, मधला कर्ण 20. घर 30 बाय 40 असेल तर पूर्ण कर्णच 50 फूट भरला पाहिजे, दोन्हीकडून.

फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, विसरू नका. कॉलम हद्दीपासून दूर असला तरी 5 फूट रुंद फुटिंग कॉलमच्या मध्यापासून अडीच फूट पसरते. लहान प्लॉटवर ते शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाते आणि तो खोदेल त्या दिवशी कळते. डिझाइन करणाऱ्याला हद्दीचे अंतर आधीच द्या, तो एका बाजूला सरकवलेले फुटिंग काढून देईल.

जोत्यापर्यंत काम आले की थांबा. जोते तपासणी करून दाखला घ्या. त्या दिवशी मी स्वतः पुन्हा दगडांपासून चारी बाजूंची अंतरे मोजतो आणि मंजूर नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने लिहितो. फरक असेल तर जोत्यावर तो दुरुस्त करायला एक दिवस लागतो. ती लाल आकड्यांची प्रत, दगडांचे फोटो आणि 'क' प्रत एकाच फाइलमध्ये घालून घरमालकाच्या हातात देतो, आणि मगच वरच्या भिंती सुरू होतात.